शेजारचं पान

सुब्राय हेगडेंनी आपल्या शेजारचं केळीचं पान हातानं झाकून धरलं आणि "इथं माणूस येतोय हं," म्हणत दोघा पाहुण्यांना पुढं सरकवलं.

कुमठ्याला भाचीच्या लग्नाची पंगत होती. माणूस म्हणजे त्यांचे थोरले भाऊ तिमण्णा. ते आले खरे, पण कमरेला पंचा बांधून, हातात तुपाचं भांडं घेऊन. सुब्रायांच्या भातावर त्यांनी तुपाची धार सोडली, चांगली दोनदा, आणि पुढच्या पानाकडं वळले.

"अण्णा, बस की!"

"तुम्ही आटपा. मी मागच्या पंगतीला."

सत्तावीस वर्षं हे असंच चाललं होतं. अण्णा बोलत, थट्टा करत, पण सुब्राय पानावर बसले की अण्णा उठलेच. धाकट्याच्या घरी तर कैरीची घोटभर अप्पेहुळीसुद्धा त्यांनी कधी प्यायली नव्हती. अंगणातूनच "गाय व्यायला झालीय रे तम्मा," म्हणून परत फिरत. धाकट्याला मारायची ही तम्मा हाक तेवढी जुनी राहिली होती.

"कुठली मेली गाय ती," नागवेणी नवऱ्याला म्हणे, "बारा महिने व्यायला झालेली!"

सुब्राय हसत, पण कारण त्यांना ठाऊक होतं. वाटण्या झाल्या तेव्हा बारमाही झऱ्याची सुपारीची बाग त्यांच्या वाट्याला आली आणि चढावरची कोरडी बाग अण्णांच्या. अण्णांनी हूं की चूं केलं नाही. त्याच साली सुब्राय तापानं दोन महिने इस्पितळात पडले. जगतील असं कुणी म्हणत नव्हतं. अण्णा एकदा उशाशी बसून गेले, आणि मग म्हणे सुपारी घेऊन उत्तरेकडं बाजाराला गेले. भाऊ मरणाच्या दारात आणि हा बाजारात! एवढा राग माणसाला उगाच येत नाही.

तेहतीस वर्षं घाटातल्या बसमध्ये कंडक्टर म्हणून उभं राहून झाल्यावर सुब्राय निवृत्त झाले होते. "हे वर्ष मी खिडकीशी बसणार," त्यांनी जाहीर केलं. आणि वर्ष खरोखरच खिडकीतून दिसावं तसं सरकलं. सागरला मुंज, गोकर्णाला बारसं, उडुपीला देवदर्शन. सुब्राय डोळे मिटत, उघडत, तोवर गाव बदललेलं असे. घरी परतावं तर ओसरीवर पाहुणे. सुपारीच्या बागेतून धुकं वर चढे, न्हाणीतल्या चुलीचा धूर त्यात मिसळे, आणि कोण आलं, कोण गेलं, कालचं कुठलं नि आजचं कुठलं, काही उमगेनासं होई. प्रत्येक पंगतीत मात्र एक पान झाकून धरलेलं असे.

मग काशी झाली, गया झाली. गयेच्या वडाखाली पंडा म्हणाला, "आपल्या आवडीचं इथं सोडायचं, आणि मग मागायचं. सोडलेल्याला जन्मात शिवायचं नाही."

सुब्रायांनी फणस सोडला. नागवेणीनं कारलं.

"कारलं कुठं आवडतं गं तुला?"

"म्हणून तर सोडलं!"

सुब्रायांनी डोळे मिटून एकच मागितलं: माझा भाऊ माझ्या शेजारी जेवू दे.

परत आल्यावर विडा-सुपारी घेऊन ते अण्णांकडं गेले. "गंगापूजा आहे. काशीच्या समाराधनेला नाही म्हणू नये, अण्णा."

"नाही कोण म्हणतंय? वाढपाला माणूस लागेलच की."

समाराधनेला अख्खं गाव लोटलं. हरिदासांनी भावाभावांच्या भेटीचं आख्यान लावलं होतं. चिपळ्या वाजत होत्या, मांडवाच्या झावळ्यांतून ऊन गळत होतं आणि म्हातारी माणसं मिटल्या डोळ्यांनी डुलत होती. सुब्रायांना वाटलं, देव इथंच कुठंतरी पाठीला पाठ लावून बसलाय.

पानं मांडली. गंगा वाटली. अण्णा तुपाचं भांडं घेऊन ओळीनं आले, तशी सुब्रायांनी आपोष्णीसाठी तळहातावर घेतलेलं पाणी खाली सोडून दिलं.

"तू बसल्याशिवाय मी आपोष्णी घेत नाही."

यजमानानं आपोष्णी घेतल्याशिवाय पंगत कशी सुरू व्हायची? दोनशे हात जागच्या जागी थांबले.

"अरे तम्मा, हा काय पोरखेळ?"

"झऱ्याची बाग घे, अण्णा. उद्याच लिहून देतो. पण बस."

"बागेचं काय घेऊन बसलास, खुळ्या? चढावरची सुपारी तुझ्यापेक्षा चांगली लागते माझी."

"मग मी मरत होतो तेव्हा बाजाराला का गेलास?" सुब्रायांचा आवाज फुटला. "सत्तावीस वर्षं विचारीन म्हणतोय. आज काशीची गंगा घरात आहे. खोटं बोलू नकोस."

अण्णांनी भांडं खाली ठेवलं. त्यांनी शेजारच्या मोकळ्या पानाकडं बघितलं.

"गयेला काय सोडलंस तू?"

"फणस."

"मीही फणसच म्हणालो होतो," अण्णा हळूच म्हणाले.

सुब्रायांनी मान वर केली.

"बाजाराला कुठं गेलो होतो मी? वडाखालीच गेलो होतो. पंडा म्हणाला, भावाचा जीव मागतोस आणि देतोस फणस? जिवाला सगळ्यांत प्रिय असेल ते सोड."

त्यांनी भांडं उचललं, वाकले, आणि धाकट्याच्या भातावर तुपाची धार सोडली.

"जेव, तम्मा. मला लहानपणापासून एकच आवडायचं रे, तुझ्या शेजारी बसून जेवणं."