डिस्प्रोशियमचा शेजार

"जाण्याआधी एकदा माझ्यासमोर मोजून दाखव," प्राध्यापक बबनराव म्हणाले.

धर्मपालने पत्र्याची पेटी प्रयोगशाळेच्या दाराशी ठेवली. यवतमाळच्या कॉलेजातल्या त्याच्या नोकरीचा आज शेवटचा दिवस होता. वणीची एसटी चारला होती आणि तीन वाजून गेले होते. तरी तो "हो सर" म्हणाला. बबनरावांचा मदतनीस म्हणून काढलेल्या दोन वर्षांत त्याच्यावर दुसरं काही म्हणायची वेळ आली नव्हती.

टेबलावर काचेच्या पेटीत तराजू होता. त्याच्या एका बाजूने बारीक काचनळी खाली लोंबत होती, थेट चुंबकाच्या दोन टोकांमध्ये. नळीत चिमूटभर भुकटी. डिस्प्रोशियम नावाच्या दुर्मीळ धातूचं संयुग. चुंबक भुकटीला जितकं ओढील, तितकं तिचं वजन जास्त भरायचं.

पुस्तक म्हणत होतं, या धातूचं चुंबकत्व अणूच्या पार आतल्या खोलीत राहतं. रेणूत शेजारी कोणीही येऊन बसो, त्याला फारसा फरक पडत नाही. बबनरावांच्या मोजणीत मात्र फरक पडत होता, तोही दर वेळी निराळा. धर्मपालच्या मोजणीत पडत नव्हता. यावरून बबनरावांनी दोन निष्कर्ष काढले. एक, आपल्याला शोध लागला आहे. दोन, धर्मपाल पुस्तकातून आकडे उतरवतो. पहिल्या निष्कर्षावर ते निबंध लिहीत होते. दुसरा त्यांनी प्राचार्यांना चार ओळींत कळवला. चार ओळींचं काम आधी झालं.

धर्मपालने वजनं चढवली. सुई डोलली आणि मधोमध थांबली.

"अडतीस मिलिग्रॅम जास्त. पुस्तकाच्या हिशेबाएवढंच."

"सरक, मला बघू दे." बबनराव खुर्चीवरून उठले आणि टेबलाला पोट टेकून वाकले. सुई हळूच डावीकडे कलली. "बघ! कुठायत तुझे अडतीस?"

धर्मपालने सुईकडे पाहिलं. मग सरांकडे.

"सर, पावलभर मागं सरकता का?"

बबनराव सरकले. सुई मधोमध आली. पुढे झाले, कलली. मागे झाले, आली. बबनराव चार वेळा मागे-पुढे झाले. व्हरांड्यातून कोणी पाहिलं असतं तर सर नाच शिकताहेत असं वाटलं असतं.

"तुमच्या कमरेले काय हाय सर?"

बबनरावांचा हात सदऱ्याखाली गेला. करदोड्याला बोटभर लांब लोखंडी किल्ली होती. डिस्प्रोशियमच्या कपाटाची. पूर्वी ती दारामागच्या खिळ्याला असायची. धर्मपाल रुजू झाला त्या आठवड्यात ती कमरेला गेली. महागाची वस्तू, जपलेली बरी, असं बबनराव तेव्हा म्हणाले होते. कोणी विचारलं नव्हतं, तरी म्हणाले होते.

"हे आधी तुझ्या लक्षात कसं नाही आलं?" त्यांचा आवाज बारीक झाला होता.

"मी कुठं पाह्यलं सर? तुम्ही मोजाले बसले की मले बाहेर उभं करत होते. जवळ माणूस असला की मोजमाप बिघडते, म्हणत होते."

बबनराव करदोड्याची गाठ सोडू लागले. गाठ दोन वर्षांची होती, लवकर सुटेना. धर्मपाल खिडकीबाहेर पाहत थांबला.

"मी आजच प्राचार्यांना लिहितो."

"लिहा सर. पण माह्या जागेवर सोमवारी दुसरे येऊन राह्यले."

"वणीला काय करशील?"

"खाणीवर वजनकाट्यावर लागलो. कोळशाचे ट्रक मोजाचे."

गाठ सुटली. बबनरावांनी किल्ली पुढे केली. "मग आजच्या दिवस... कपाट तूच लाव."

धर्मपालने घड्याळ पाहिलं. "एसटी चुकंल सर." त्याने पेटी उचलली. दारात थांबला. "तिथला काटा लय मोठा हाय. जवळ कोण उभं हाय, त्याले समजत बी नाही."

पावलं जिन्यावरून उतरून गेली. बबनराव दारामागे गेले. खिळ्याला धर्मपालचा एप्रन टांगलेला होता, धुऊन, इस्त्री करून. किल्ली हातात घेऊन ते तिथेच उभे राहिले.

तिकडे टेबलावर, जवळ कोणी नसताना, सुई मधोमध उभी होती.