तिसरी सही

आतल्या खोलीचं दार तोंडावर लागलं आणि फौजदारच्या मनात पाल चुकचुकली.

बाबा आज मृत्युपत्र करणार, हे तिला ठाऊक होतं. पण दादा म्हणाला, "तू जरा दुकान बघ, आम्ही आत उरकतो," आणि त्याने कडीच लावली. आत बाबा पलंगावर, खुर्चीत वकीलबाई आणि शेजारच्या दुकानातले कुलूपवाले काका. म्हणजे परका माणूस आत आणि पोटची पोर बाहेर!

फौजदार हे तिचं घरातलं नाव. लहानपणी डब्यातला खाऊ कमी झाला की ती सगळ्यांचे हात हुंगून बघायची, तेव्हापासून चिकटलेलं. आता ती फोटोंना चौकटी करायचं बाबांचं दुकान सांभाळत होती. बाबांचे हात थरथरायला लागल्यापासून काच तीच कापायची, पट्ट्या तीच जोडायची, आणि "फोटो जरा तिरका बसलाय" म्हणून आलेल्या गिऱ्हाइकाची कटकटही तीच ऐकून घ्यायची. दादा लांबच्या शहरात नोकरीला. एरवी यायचा तो पाहुण्यासारखा, चहा पिऊन पाय पसरून बसायचा. या खेपेला मात्र तो मोजपट्टी घेऊन आला होता. काल भर दुपारी दुकानासमोर स्टूल टाकून वर चढला होता आणि मापं घेत होता. तिने विचारलं, तर "काही नाही गं, सहज," म्हणून हसला. सहज कुणी दुकान मोजतं का? विकायचं असेल तरच मोजतं.

तिने एक काच उचलली आणि पुसायच्या निमित्ताने दाराला खेटून उभी राहिली. आतलं सगळं नाही, पण जेवढं ऐकू आलं तेवढं पुरेसं होतं.

"बघा, नीट विचार करा. एकदा सही केलीत की तुम्हाला मागे फिरता येणार नाही," वकीलबाई म्हणत होत्या.

"फिरायचंय कुणाला?" हा दादा. "फक्त तिला आत्ताच सांगू नका. आकांडतांडव करेल."

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. कायद्यातलं तिला ओ की ठो कळत नव्हतं, पण सहीचा अर्थ ती दुकानात रोज बघत होती. पावतीवर ज्याची सही, चौकट त्याच्या हातात. सही नसेल तर सख्खा भाऊ आला तरी माल मिळायचा नाही. हा नियम बाबांनीच घातलेला. आणि आता बाबांच्याच कागदावर दादा सही करणार, काका सही करणार, आणि तिने बाहेर काच पुसत बसायचं.

तिने काच बाजूला ठेवली आणि दारावर अशी थाप मारली की काकांनी घाबरून कडी काढली. कागद वकीलबाईंच्या मांडीवर होता. वर बाबांची वाकडीतिकडी सही. खाली 'साक्षीदार' असं लिहिलेलं, आणि त्याखाली दादाची सही, काकांची सही. शाईसुद्धा अजून वाळली नव्हती.

"मलाही सही करायचीय," ती म्हणाली.

"अगं, साक्षीला दोघं पुरतात," काका चाचरत म्हणाले.

"पुरत असतील. तिसरीने काय आभाळ कोसळतंय?" तिने काकांच्या हातातलं पेन ओढून घेतलं.

सगळ्यांच्या तोंडचं पाणी पळालं. बाबा कोपरावर रेटा देऊन अर्धवट उठले आणि म्हणाले, "नको बाळा, तू नको करूस सही." ते मात्र तिच्या जिव्हारी लागलं. दादाचं एक वेळ समजून घेता आलं असतं, पण बाबांनीही नको म्हणावं? ती कागदावर वाकली. वकीलबाईंनी कागदावर आडवा हात ठेवला.

"साक्षीदार म्हणजे वाटेकरी नव्हे," त्या शांतपणे म्हणाल्या. "सही माझ्या डोळ्यांदेखत झाली, एवढंच साक्षीदार सांगतो. ज्याला काही मिळायचंय, त्याने साक्षीला सही करायची नसते. केली, तर त्याला दिलेलं सगळं जातं."

पेन हातात तसंच राहिलं. तिने काकांच्या सहीकडे पाहिलं. मग दादाच्या सहीकडे. मग बाबांकडे. ते उशीला टेकून डोळे पुसत होते.

"मग तू कशाला केलीस?" तिने दादाला विचारलं.

"बाबा अर्धं दुकान माझ्या नावावर करायला निघाले होते. काही केल्या ऐकेनात. म्हटलं, मी साक्षीदारच बनतो, म्हणजे विषयच मिटला. काच कापता येते का मला?"

तिच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. अशी लाज तिला जन्मात वाटली नव्हती. तोंड लपवायला जागा नाही म्हणून ती दादावरच डाफरली, "आणि काल ती मापं कसली घेत होतास, चोरासारखी?"

"पाटीची. जुनी पार गंजलीय. नवी रंगवायला टाकायचीय, तुझ्या नावाची. बाबांनीच सांगितलंय." दादाने तिच्या हातातून पेन काढून घेतलं आणि टोपण लावलं. "आता एवढं सांग, पाटीवर खरं नाव घालू, की फौजदार?"