पाळण्यातला तास

डायनोसॉरच्या पुतळ्यापाशी उभं राहून धर्मेंद्र सरांनी पिशवीतून वही काढली, आणि रंजनाबाईंचा संयम सुटला.

"सुट्टी शे का शाळा शे ही? पोरले जरा मोकयं होऊ द्या!"

"फिरणं म्हणजेही शिकणंच असतं, रंजना," सर म्हणाले. "नुसतं पाण्यात डुंबून घरी जायचं, तर नदी काय कमी होती?"

"मंग नदीवर लई जातात! आठे कसाले आनं?"

त्यांची मुलगी यामिनी दोघांच्या मधे उभी होती. लोणखेड्याहून निघाल्यापासून गाडीत हेच चाललं होतं. पप्पांच्या मते नवापूरजवळच्या या नव्या पार्कात आधी विज्ञाननगरी, मग तारांगण, आणि वेळ उरला तर घसरगुंड्या. आईच्या मते पोरीने दोन वर्षं नाशिकच्या क्लासमध्ये मान मोडून अभ्यास केला होता, आता तिने फक्त लोळावं. दोघंही तिच्याच भल्याचं बोलत होते. तिला काय हवं, हे कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तरी तिला सांगता आलं नसतं.

डॉक्टरकीच्या 'नीट' परीक्षेचा निकाल शुक्रवारी होता. आज मंगळवार.

तारांगणाच्या थंड अंधारात पप्पा कानाशी ग्रहांची अंतरं सांगत राहिले. यामिनी मान डोलवत राहिली. बाहेर आली तेव्हा तिला घाम फुटला होता. महिनाभर असंच होत होतं. जेवताना, झोपताना, कुठल्याही बंद खोलीत छातीवर कुणीतरी पाटा ठेवल्यासारखं व्हायचं.

पप्पा पाणी आणायला म्हणून गेले ते बऱ्याच वेळाने आले. बाटली आईच्या हातात देत म्हणाले, "चल यामिनी, आकाशपाळण्यात बसू. लंबकाचा नियम प्रत्यक्ष बघायला मिळेल."

"तिठेबी नियम!" आईने कपाळावर हात मारला. "जा तुम्ही. माले गरगरस."

यामिनीला नवल वाटलं. सारंगखेड्याच्या यात्रेत पप्पा नेहमी खाली उभे राहायचे, तिच्या चपला सांभाळत. पण नाही म्हणायचंही तिच्यात त्राण नव्हतं.

दुपारचं ऊन रणरणत होतं. पाळण्यात दुसरं कुणीच नव्हतं. उखा नावाच्या म्हाताऱ्या चालकाने दोघांना जाळीच्या डब्यात बसवलं, बाहेरून कडी घातली आणि चाक सुरू केलं. दोन फेऱ्या झाल्या. तिसऱ्या फेरीत त्यांचा डबा अगदी टोकाला पोचला, आणि पाळणा थांबला.

"लाइट गेली असेल," पप्पा म्हणाले.

खाली सुरतेकडे जाणारे ट्रक काडेपेटीएवढे दिसत होते. कोंबड्यांच्या शेडची लांबच लांब छपरं चकाकत होती. पार्कातली झुकझुकगाडी शिट्टी वाजवत गोल फिरत होती. डबा वाऱ्याने डुलत होता.

"आता सांग," पप्पा म्हणाले, "डब्यात वजन वाढलं तर झोका घ्यायला जास्त वेळ लागेल की..."

"पप्पा, नका ना."

पाच मिनिटं गेली, दहा गेली. जाळी तापली. यामिनीला श्वास पुरेना. इथून उठून जाता येत नव्हतं, दार लावून घेता येत नव्हतं, झोपेचं सोंग घेता येत नव्हतं. समोर पप्पा, आणि चारी बाजूंनी आभाळ.

तेव्हा तिचं लक्ष पप्पांच्या हातांकडे गेलं. त्यांनी दांडी इतकी घट्ट धरली होती की बोटं पांढरी पडली होती. शर्ट भिजून अंगाला चिकटला होता.

"पप्पा, घाबरी ऱ्हायनात का तुम्ही?"

शिकवताना पप्पा पुस्तकातलं मराठी बोलायचे. त्यांच्या तोंडून अहिराणी निघाली की तास संपला, असं ती लहानपणी धरून चालायची.

"हाव," ते डोळे मिटून म्हणाले. "माले उंचीनी भीती वाटस. पह्यलेपासून. आजलोंग कोनले सांगं नही."

मग तिने स्वतःचाच आवाज ऐकला.

"मन्हं बी एक शे. कोनले सांगेल नही."

पप्पांनी डोळे उघडले नाहीत. "बोल."

"मी पेपर दिधाच नही. शाळाना गेटलोंग गयी आनि पाय उचलेच नहीत. हॉलतिकीट हातमां व्हतं. दिनभर बस स्टँडवर बठेल व्हती. शुक्रवारले समदासले समजी जाई."

डबा डुलला. आता ओरडतील, आता विचारतील की दोन वर्षं काय केलंस, म्हणून ती अंग चोरून बसली.

"दिनभर?" पप्पांनी विचारलं. "काही खादं व्हतं का?"

तिने मान हलवली, नाही. आणि महिनाभर अडलेलं रडू एकदम फुटलं. दांडी सोडायला पप्पांना फार वेळ लागला. एक हात सुटला, मग दुसरा. त्यांनी तिचं डोकं छातीशी घेतलं. त्यांचं काळीज धडधडत होतं, तिला ऐकू येत होतं.

"पुढे काय करानं ते मंग देखू," ते म्हणाले. "तुले जे करानं व्हई ते. डॉक्टर नही तर नही."

"आईले?"

"मी सांगस."

जरा वेळाने घरघर झाली आणि चाक हललं. डबा सावकाश खाली आला. उखाने कडी काढली. यामिनीने ओढणीने तोंड पुसलं आणि उडी मारून उतरली. कितीतरी दिवसांनी तिला भूक लागली होती. समोरून आई भेळेचे पुडे घेऊन धावत येत होती.

पप्पा दांडी धरून सावकाश उतरत होते. त्यांना हात द्यायला म्हणून यामिनी मागे वळली. उखा त्यांच्या कानाशी लागून विचारत होता, "सर, पाळना अर्धा तास बंद ठेवाले सांगेल व्हतं तुम्ही. लवकर तर नही ना उतारं?"