वस्तू नवी राहते

"दिवसभर गेम खेळतेस, मग कॉम्प्युटर तापणारच!" बाबांनी मलाच झापलं. नोकरीसाठीचा व्हिडिओ संध्याकाळपर्यंत पाठवायचा होता आणि मशीन पुन्हा तापून बंद पडलं होतं.

संतापून मी कॅबिनेट उघडलं. प्रोसेसर गार ठेवणारा कूलर बाबांनीच बसवला होता. तो उचकटला, तर तळाला कंपनीचं प्लास्टिक तसंच!

"हे काढायचं असतं, बाबा!"

"असू दे गं, वस्तू नवी राहते."

"आग लागो त्या नव्याला!" मी प्लास्टिक सोललं, उष्णता ओढून घेणारी पेस्ट लावून कूलर बसवला. मशीन गार राहिलं, व्हिडिओ तयार होऊ लागला.

तेवढ्यात मागून टर्रकन आवाज आला. आई सोफ्यावरचं प्लास्टिक ओरबाडत होती.

"दर उन्हाळ्यात घामाने चिकटते मी याला," ती बाबांवर कडाडली. "आता बोला!"