खरपूस की करपट

साहेब, तुम्ही सरकारी तपासणीला आलात आणि माझी बिअर न चाखताच नापास केलीत. ग्लास उजेडात धरलात, तोंड वाकडं केलंत आणि म्हणालात, "करपलीय." मी जीव तोडून सांगत होते की ही स्टाउट आहे, काळीच असते, हिचं धान्य खरपूस भाजावंच लागतं. तुम्ही पेन खिशाला लावून चालते झालात.

विकायला बंदी, म्हणून पिंप आमच्या छोट्याशा कारखान्यातच पडून राहिलं. वाया जाण्यापेक्षा म्हणून एक ग्लास बाबांपुढे ठेवला. हा धंदा मला त्यांनीच शिकवला. पण मोठ्या तापात त्यांच्या तोंडाची चव गेली, आणि नावं ठेवल्याशिवाय घास न गिळणारा माणूस पुढ्यात येईल त्याला "छान" म्हणू लागला. मी त्यांना चाखायला देणंच सोडलं होतं.

बाबांनी घोट घेतला. दुसरा घोट जिभेवर घोळवला.

"करपलीय."

"बाबा, खरपूस आहे ती."

"मला शिकवतेस? खरपूस कसली, चांगली करपट आहे! धान्य भाजताना लक्ष कुठं होतं, बये?"

मी त्यांच्या गळ्यात पडून रडले. ते माझ्या खांद्यावरूनही शिव्या घालतच होते.

साहेब, पिंप विकलं गेलं असतं तर हा घोट बाबांपर्यंत पोचलाच नसता. तुमचे उपकार मानते, अगदी मनापासून. पण जे कळायला माझ्या बापाची जीभ परत यावी लागली, ते तुम्हाला नुसतं बघून कसं कळलं? उत्तर द्या.