कल्ले

"खरवडून टाका ते," डॉ. पोतनीस म्हणाले. "दगडातल्या लोखंडाचा पायांवर चढलेला गंज आहे नुसता."

हर्षाली तांडेलने सुई खाली ठेवली. दगडातले जीवाश्म साफ करायचं काम ती त्यांच्या प्रयोगशाळेत नऊ वर्षं करत होती. समोरच्या दगडात पन्नास कोटी वर्षांपूर्वीचा एक समुद्री प्राणी उताणा पडला होता. त्याच्या प्रत्येक पायाला केसाइतक्या बारीक तंतूंची झालर होती.

"गंज नाही, सर. कल्ले आहेत. हा पायांनी श्वास घ्यायचा."

"हे प्राणी कातडीतून श्वास घेत, असं मी वीस वर्षं लिहितोय. मला शिकवणाऱ्या तुम्ही कोण?"

"कोळ्याची मुलगी. लहानपणापासून मासे साफ केलेत. कल्ले ओळखता येतात मला."

"मग मासळी बाजारातच बसायचं होतं!" त्यांनी सुई उचलली आणि पहिल्याच फटक्यात तीन तंतू उडवले. हर्षालीने झटकन दगडावर हात ठेवला. सुई तिच्या मनगटाजवळ रुतली, रक्त आलं, तरी तिने हात हलवला नाही.

"हात काढा."

"आधी भिंगातून बघा. एकदाच."

ते चरफडत वाकले. तिने दोन बोटं फाकवली. तुटलेल्या तंतूचं उरलेलं टोक आतून पोकळ होतं, नळीसारखं; गंज असा पोकळ नसतो.

"शोधनिबंधात तुमचं नाव माझ्यानंतर येईल," मान वर न करता ते म्हणाले.

"नावाचं नंतर बघू. आधी ती सुई खाली ठेवा."