आत्याच्या गुडघ्यांसाठी

आई गेल्यावर ज्या आत्याने त्याला वाढवलं, तिलाच सोबत घेऊन भाचा गाडी निवडायला शोरूममध्ये आला. "मला मेलीला काय कळतंय त्यातलं?" असं ती म्हणत होती खरी, पण मनातून हरखली होती.

तीन रांगांच्या दोन गाड्या त्याच्या मनात भरल्या होत्या. पहिलीत मागे जायला मधली सीट दुमडून, वाकून आत शिरावं लागायचं. आत्याचा एक पाय आत, एक बाहेर, आणि गुडघे कुरकुरायला लागले. "अरे, आधी मला बाहेर काढा!" ती हसत ओरडली.

दुसरीत मधल्या दोन सीटा सुट्या होत्या, त्यांच्यामधून वाट होती. त्या वाटेने ती बेताबेताने मागे गेली आणि ऐसपैस बसली.

"गुडघे पुढे टेकत नाहीत ना, आत्या?"

"छे रे! आता मला इथून कोणी उठवू नका."

"मग ठरलं. हीच घ्यायची!"

आपल्या गुडघ्यांसाठी पोराने गाडी निवडली, या विचाराने तिचे डोळे भरून आले.

"पण सर, तुम्ही सात जण म्हणाला होतात," विक्रेता म्हणाला. "हिच्यात सहाच बसतात."

"चालेल," म्हणत भाच्याने तिथेच उभं राहून बायकोला फोन लावला. गाडीचं दार उघडंच होतं.

"अगं, आपण चौघं आणि तुझे आईबाबा, सहा पुरेत. आणि आत्यालासुद्धा चढता आलं, म्हणजे तुझ्या आईला तर सहज जमेल."